संत्र्याच्या बगीच्यातला फायटोफ्थोरा कसा ओळखायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

संत्र्याचं झाड बुडाशी डिंक सोडायला लागलं की बहुतेक लोक तडक कृषी केंद्रात जातात, दुकानदार म्हणतो बुरशी आहे, आणि कार्बेन्डाझिम नाहीतर हेक्साकोनाझोल हातात देतो, ते आळ्यात ओतलं जातं आणि मग महिनाभर वाट बघायची. फरक काही पडत नाही. पडणारही नाही, कारण ही दोन्ही औषधं बुरशीच्या ज्या जागेवर घाव घालतात ती जागा या रोगाला कारण असलेल्या जीवात एकतर नसतेच, नाहीतर वेगळी असते. पैसे गेले, पावसाळा गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड वरून वाळायला लागलं.

म्हणून औषधाचं नाव विचारायच्या आधी रोगाचं नाव पक्कं करा. ज्यांनी नवा बगीचा घेतलाय किंवा लावलाय, आणि कृषी कॉलेजातली जी पोरं पहिल्यांदाच मायक्रोस्कोपखाली हे बघणार आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय. उदाहरण नागपुरी संत्र्याचं घेतलंय, म्हणजे वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड, अचलपूर हा सगळा पट्टा. मोसंबी आणि लिंबूवाल्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

पहिले हा गडी कोण ते बघू

फायटोफ्थोरा दिसायला बुरशीच वाटतो, पांढरे बारीक धागे, बीजाणू, सगळं तसंच, आणि कित्येक वर्षं पुस्तकांतही तो बुरशीतच धरला जायचा. पण त्याचं कूळ वेगळं. त्याचे नातलग म्हणजे समुद्रातली तपकिरी शेवाळं आणि डायटम नावाची एकपेशीय सूक्ष्म शेवाळं. या गटाला ऊमायसीट म्हणतात, बोलताना वॉटर मोल्ड नाहीतर पाणबुरशी. खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते, याची मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची. बुरशीच्या धाग्यात बहुतेक वेळा आडवे पडदे दिसतात, याचा कोवळा धागा आतून सलग मोकळा. आणि औषधाच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे फायटोफ्थोरा स्वतः स्टेरॉल, म्हणजे पेशीच्या पडद्यात लागणारा मेदासारखा पदार्थ, बनवत नाही. हेक्साकोनाझोल, टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल ही सगळी झोल मंडळी बुरशीचं स्टेरॉल बनवणं बंद पाडतात, आता जे चालूच नाही ते बंद काय पाडणार? कार्बेन्डाझिम बुरशीच्या ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटतं, ऊमायसीटच्या ट्युब्युलिनवर त्याची मात्रा चालत नाही. वरून नुकसान असं की मातीत फायटोफ्थोराशी भांडणारा जो ट्रायकोडर्मा, म्हणजे उपयोगी बुरशी, असतो तो मात्र कार्बेन्डाझिमने मरतो. म्हणजे आपल्याच बाजूचा माणूस आपणच मारायचा.

फायटोफ्थोरा हे नाव 1876 मध्ये अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं, बटाट्याच्या करप्यावर काम करताना. तोच करपा ज्याने 1845 पासून आयर्लंडात दुष्काळ पाडला. आपल्या संत्र्यावरचा त्याचा चुलतभाऊ आहे, तोच नाही. लिंबूवर्गीय झाडांवरचा डिंक्या, म्हणजे बुडाशी डिंक सोडणारा हाच रोग, जगाने नीट बघितला तो 1830 च्या दशकात अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर, तिथल्या संत्र्याच्या बागा बसल्या, आणि त्यानंतर बियांपासून झाडं लावायचं सोडून रोगाला दाद न देणाऱ्या खुंटावर डोळा बांधायची पद्धत पसरली. आज आपण जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम करतो त्याच्या मागे या रोगाचाही हात आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

संत्र्यावर तीन जाती लक्षात ठेवायच्या. फायटोफ्थोरा निकोशियानी, जुन्या पुस्तकांत आणि पेपरांत हीच पॅरासिटिका नावाने सापडेल, ही गरम हवेतली आणि आपल्याकडे जास्त दिसणारी. दुसरी पाल्मिव्होरा, ही मुळांवर तर येतेच पण पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर फळांपर्यंत चढते. तिसरी सिट्रोफ्थोरा, तिला जरा थंड हवा मानवते. तिघींनाही लक्षणांवरून वेगळं काढता येत नाही, त्यामुळे वावरात उभं राहून जात सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका.

पाण्यात नेमकं काय घडतं

हा भाग कंटाळा न करता वाचा, कारण पुढे केव्हा बघायचं, कुठे खणायचं, पाणी कसं द्यायचं ते सगळं यातूनच निघतं.

मातीत फायटोफ्थोरा बहुतेक काळ झोपलेला असतो. जाड भिंतीचे गोल क्लॅमायडोस्पोर करून तो कुजक्या मुळांच्या तुकड्यांत पडून राहतो, उन्हाळा असाच काढतो, आणि माती ओली झाली की जागा होऊन धागे सोडतो. दुसरा एक टिकाऊ प्रकार म्हणजे ऊस्पोर, तो नर-मादी अवयव एकत्र येऊन बनतो, पण निकोशियानी आणि पाल्मिव्होरामध्ये त्यासाठी ए-वन आणि ए-टू असे दोन वेगळे मेटिंग टाइप एकाच जागी भेटावे लागतात. ते नाही भेटले तरी क्लॅमायडोस्पोरवर त्याचं भागतं.

धाग्यांच्या टोकाला मग लिंबाच्या आकाराच्या पिशव्या येतात, एका टोकाला बोंडशी असलेल्या, यांना स्पोरँजियम म्हणतात. लांबी साधारण 30 ते 60 मायक्रॉन, म्हणजे डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. आता गंमत बघा, या पिशव्या तयार व्हायला माती ओलसर पण हवा खेळती लागते, गच्च पाणी साचलेलं नको. पण पिशव्या फुटायला मात्र मोकळं पाणी लागतं. म्हणजे कायम पाण्यात बुडालेल्या मातीपेक्षा ओली झाली, निथळली, परत भरली, परत निथळली अशी माती त्याला जास्त सोयीची. आणि आपण आळ्यात पाटाने पाणी सोडून नेमकं तेच करतो, पावसाळ्यात झड लागली, उघाड पडली, परत झड लागली की आभाळही तेच करतं.

पाणी मिळालं की एकेका पिशवीतून बरेच झूस्पोर बाहेर पडतात. यांना भिंत नसते, दोन शेपट्या असतात, एक पुढे केसाळ आणि एक मागे गुळगुळीत, आणि हे पोहतात. मुळांच्या टोकातून जे अमिनो आम्लं, साखर वगैरे पाझरतं त्याच्या दिशेने जातात, कोवळ्या मुळाच्या टोकामागच्या वाढत्या भागावर किंवा जखमेवर येऊन थांबतात, शेपट्या टाकून देतात, भोवती भिंत करून चिकटतात आणि आत धागा घुसवतात. सगळं काही तासांत उरकतं. स्वतः पोहून झूस्पोर फार तर काही सेंटिमीटर जाईल, पण वाहत्या पाण्याबरोबर एका आळ्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असं पूर्ण ओळभर फिरतो. काळ्या भारी जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे तिथे त्याची चैन.

कधी जायचं, कुठे बघायचं

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात हा ओळखायचा सगळ्यात चांगला काळ. मे महिन्यात खोदून बघितलं तर मेलेली मुळं दिसतील पण मारणारा दिसणार नाही. बगीच्याचा जो भाग सखल आहे, जिथे पावसाचं पाणी दोन दिवस थांबतं, पाटाचं शेवटचं टोक, ड्रिपची गळकी जागा, आणि जिथे कलमाचा डोळा मातीत गाडला गेलाय अशी झाडं, इथून सुरुवात करा. सगळी झाडं बघायची गरज नाही.

लांबून बघताना पान बघा. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि मधला भाग त्यामानाने हिरवा राहतो, पानं लहान होतात, वरच्या फांद्या उघड्या पडायला लागतात, आणि कधीकधी झाड मरायच्या आधीच्या हंगामात भरपूर पण बारीक फळ धरतं, लोक खुश होतात की यंदा बहार चांगला फुटला. पण पानांवरून नक्की काही म्हणता येत नाही, पिवळं पान म्हणजे नत्र कमी, झिंक कमी, ग्रीनिंग नावाचा दुसरा रोग, पाणी जास्त, काहीही असू शकतं. पानाने फक्त संशय घ्यायचा, खात्री खाली होते.

खोड तपासणं

खोडाभोवतीची माती हाताने बाजूला करा, बुडाशी मुळं फुटतात तिथपर्यंत. ओल्या फडक्याने खोड पुसून घ्या. डिंक दिसला तर बघा तो कुठून येतोय, कलमाच्या सांध्याच्या वरून की खालून. एक लक्षात ठेवायचं, हा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर धुऊन गेलेला असतो आणि झाड निरोगी वाटतं. सालीवर उभ्या भेगा, काळपट ओलसर डाग, दाबल्यावर किंचित मऊ, हे डिंकाशिवायही चालतं.

मग धारदार चाकूने डागाच्या कडेला, मधोमध नाही, सालीचा पातळ पापुद्रा काढा. निरोगी साल आतून पांढरट हिरवी असते. फायटोफ्थोराची साल तपकिरी, चिघळलेली, आणि मेलेल्या व जिवंत भागाच्या मधे पिवळसर डिंकट पट्टा दिसतो. आता आणखी थोडं खोल जा आणि लाकूड बघा. फायटोफ्थोरा मुख्यतः साल आणि तिच्या लगेच आतला थर खातो, आतलं लाकूड फारसं रंगत नाही. लाकूडच जर खोलवर करडं किंवा तपकिरी आणि कोरडं टणक झालं असेल तर ती कोरडी मूळकूज असू शकते, ते काम बहुतेक फ्युजेरियम नावाच्या खऱ्या बुरशीचं, आणि त्याचा उपाय वेगळा. ही चाकूची खूण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जमते आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

चाकू प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. हे सांगूनही कोणी करत नाही म्हणून परत सांगतो.

डिंकाचं अजून एक कारण म्हणजे साल खाणारी अळी, पण ती फांद्यांच्या बेचक्यात असते, विष्ठा आणि भुशाची जाळी लोंबत असते आणि आत छिद्र सापडतं, त्यात तार घालून बघा. ट्रॅक्टरचा किंवा फावड्याचा मार लागूनही डिंक येतो, तिथे मात्र डाग पसरत नाही, जखमेपुरताच राहतो. शंका असेल तर डागाच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा आणि पंधरा-वीस दिवसांनी परत बघा, रेघेच्या बाहेर गेला की समजायचं.

मुळं तपासणं

खोडापाशी नाही, फांद्यांच्या सावलीची जी कडा असते त्याच्या थोडं आत, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खुरप्याने उकरा. तिथे बारीक पिवळसर तंतुमुळं असतात, झाड खरं खातं-पितं ते यांच्यातून. एक मूळ दोन बोटांत धरा आणि हलकं ओढा. निरोगी मुळाची साल चिकटून राहते, मूळ तुटेल पण सोलणार नाही. कुजलेल्या मुळाची साल मऊ ओली होऊन मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता पांढरट दोरा उरतो. हे एकदा हाताला कळलं की परत विसरत नाही. चार दिशांना चार जागी बघा, कारण झाडाच्या एकाच बाजूची मुळं गेलेली असणं अगदी नेहमीचं आहे, आणि वर त्याच बाजूच्या फांद्या वाळलेल्या दिसतात.

नुसत्या पाणी साचण्यानेही मुळं कुजतात, तिथे मातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मोठी-छोटी सगळी मुळं एकदम काळी पडतात. बरेचदा दोन्ही एकत्र असतं, त्यामुळे मुळं कुजली म्हणजे फायटोफ्थोराच असं इथेही म्हणू नका. आतापर्यंत जे केलं त्याने संशय बळकट झाला इतकंच.

फळांवरही नजर टाका. आंबिया बहाराची फळं झाडावर असताना सप्टेंबरमध्ये झड लागली की जमिनीपासून हात-दोन हात उंचीवरची फळं तपकिरी पडतात, चामड्यासारखी, आधी कडक राहतात, मऊ पडत नाहीत, आणि एक उग्र वास येतो. ती गळतात. फळगळीला कारणं ढीगभर आहेत, पण खालच्याच फांद्यांची, तपकिरी, वासाची फळं गळत असतील तर हा फायटोफ्थोराच्याच तपकिरी कुजीचा प्रकार आहे. अशी फळं झाडाखाली सोडू नका, गोळा करून बगीच्याबाहेर खड्ड्यात पुरा.

मातीचा नमुना

इथे बहुतेकांचं चुकतं ते झाड निवडण्यात. सगळ्यात वाळलेल्या झाडाखालची माती घेतात, आणि तिथे काही सापडत नाही, कारण मेलेल्या मुळांवर दुसऱ्याच बुरश्यांनी कब्जा केलेला असतो. नमुना अर्ध्या आजारी झाडाखालचा घ्या, ज्याला अजून जिवंत तंतुमुळं आहेत. वरचा दोन इंच थर बाजूला सारून खालची 15 ते 20 सेंटिमीटरपर्यंतची माती तंतुमुळांसकट, चार-पाच जागांची एकत्र करून अर्धा किलोभर पुरे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, झाड नंबर आणि तारीख लिहा, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, वाळू देऊ नका.

आणि फ्रिजमध्येही ठेवू नका. हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण बाकी सगळे नमुने आपण थंड ठेवतो, पण निकोशियानी गरम हवेतली जात आहे, गार पडली की तिचे क्लॅमायडोस्पोर सुप्त होतात आणि प्रयोगशाळेत उगवत नाहीत, रिपोर्ट येतो काही नाही म्हणून. घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि दोन-चार दिवसांत काम उरका.

नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आणि जवळचं कृषी विज्ञान केंद्र. आधी फोन करून कोणत्या दिवशी नमुना घेतात ते विचारून जा.

घरच्या घरी आमिष लावून बघणं

हे मला स्वतःला सगळ्यात आवडतं, कारण यात महागडं काही लागत नाही. झूस्पोर पोहत मुळाकडे जातो ना, मग त्याला मुळाऐवजी पान द्यायचं.

प्लॅस्टिकचा पसरट डबा घ्या, त्यात 50 ग्रॅमच्या आसपास माती मुळांसकट टाका, आणि मातीवर दोन-तीन बोटं उभं राहील इतकं पाणी हळूच ओता. पाणी क्लोरीनचं नको, विहिरीचं चालेल पण उकळून गार केलेलं, नाहीतर विहिरीतलाच पाहुणा सापडायचा. वर तरंगणारा कचरा काढून टाका. आता संत्र्याचं किंवा लिंबाचं कोवळं पण पूर्ण उघडलेलं, ज्यावर औषध मारलेलं नाही असं पान धुऊन घ्या आणि ब्लेडने अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. 20 तुकडे पाण्यावर तरंगत सोडा. कापलेल्या कडेतून जे पाझरतं त्याकडे झूस्पोर येतात. डबा झाकून सावलीत ठेवा, 25 ते 28 अंश तापमान उत्तम, थंडीच्या दिवसांत हे नीट होत नाही. शेजारी दुसऱ्या डब्यात नुसतं तेच पाणी आणि तेच पान, माती नाही, हा तुलनेचा डबा. तो न ठेवता काढलेल्या निकालाला काही किंमत नाही.

दोन ते तीन दिवसांत तुकड्यांच्या कडा तपकिरी, पाण्याने भिजल्यासारख्या होतात. पण तपकिरी कड म्हणजे फायटोफ्थोरा नाही. पिथियम नावाचा दुसरा ऊमायसीटही असंच करतो आणि तो मातीत सगळीकडे असतो, जास्त वेगाने वाढतो, नव्या लोकांना बहुतेक वेळा तोच फसवतो. इथून पुढे मायक्रोस्कोप पाहिजे, शाळेतला विद्यार्थी मायक्रोस्कोप चालतो, 10 आणि 40 च्या भिंगांचा.

मायक्रोस्कोपखाली काय शोधायचं

तुकडा चिमट्याने उचलून स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप लावा, आणि कमी भिंगाने फक्त कड बघत फिरा. कडेबाहेर आलेले धागे दिसतील. पहिला प्रश्न, धाग्यात आडवे पडदे आहेत का? नियमित पडदे आणि होडीच्या आकाराचे बीजाणू दिसले तर ते फ्युजेरियम. पडदे नाहीत, धागा जाडाबारीक वाकडातिकडा, टोकाला पिशवी, तर ऊमायसीट.

दुसरा प्रश्न, फायटोफ्थोरा की पिथियम? खात्री करायची तर झूस्पोर बाहेर पडताना बघावं लागतं. स्पोरँजियम असलेला तुकडा थोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि अर्ध्या तासाने बघायला बसा. मातीला फ्रिज नको म्हटलं, इथे मात्र पाहिजे, कारण या गार झटक्याने पिशवी फुटते. फायटोफ्थोरात झूस्पोर पिशवीच्या आतच तयार होतात, आत वळवळताना दिसतात आणि बोंडातून एकेक बाहेर सुटतात. पिथियममध्ये पिशवीतला सगळा ऐवज आधी एका पातळ फुग्यात बाहेर येतो, त्या फुग्यात त्याचे झूस्पोर बनतात आणि मग फुगा फुटतो. फायटोफ्थोरात पहिल्यांदा आतली हालचाल सुरू होते, दाणे दाणे सुटे दिसायला लागतात, आणि एका क्षणात पिशवी रिकामी होऊन नुसतं काचेसारखं टरफल उरतं. तेवढ्यासाठी डोळा लावून बसायची तयारी ठेवा, मोबाइल वाजला की हुकतं.

जात ओळखायचा नाद पहिल्या वर्षी नको, पण ढोबळ खुणा सांगून ठेवतो. बोंड ठळक आणि पिशवी पाण्यात हलवल्यावर देठाच्या छोट्या तुकड्यासकट सहज तुटून सुटी होत असेल तर पाल्मिव्होराकडे कल. बोंड ठळक पण पिशवी तुटत नाही, क्लॅमायडोस्पोर भरपूर, आणि वाढ 35 अंशालाही चालू राहते तर निकोशियानी. क्लॅमायडोस्पोर जवळपास नाहीत, पिशव्यांचे आकार वेडेवाकडे आणि 35 अंशाला वाढ बंद, तर सिट्रोफ्थोरा. यासाठी शुद्ध कल्चर लागतं, आणि ते कॉर्नमील अगारमध्ये पिमारिसिन, अँपिसिलिन, रिफॅम्पिसिन, पीसीएनबी अशी औषधं घालून केलेल्या माध्यमावर काढतात, त्यात हायमेक्सॅझोल घातलं की बहुतेक पिथियमही मागे राहतो. शेवटची खात्री डीएनएच्या आयटीएस भागावरून. स्ट्रिप टेस्ट मिळतात, पाच-दहा मिनिटांत रेघ येते, पण काही स्ट्रिप पिथियमलाही रेघ दाखवतात, त्यामुळे नुसत्या रेघेवर बगीच्याचा निर्णय घेऊ नका.

सापडला तर

औषधाचं थोडक्यात, कारण लेख ओळखीचा आहे. पहिले पाणी खोडापासून तोडा, खोडाभोवती मातीची चढण करून बाहेर दुसरं आळं काढा म्हणजे पाणी बुडाला लागणार नाही, सखल भागातून चर काढून पाणी बाहेर घ्या. एका झाडाचं पाणी दुसऱ्या आळ्यात जाऊ देऊ नका. कुजलेली साल खरवडून जिवंत सालीपर्यंत साफ करा, खरवडलेलं खाली न सांडता कागदावर घेऊन जाळा, आणि बोर्डो मलम लावा, 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको, आणि तयार मलमात लोखंडी चाकू बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना अजून पाहिजे. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, जमिनीपासून हातभर ते मीटरभर उंचीपर्यंत.

औषधांत मेटालॅक्झिल एम अधिक मॅन्कोझेब आळ्यात ओतायला किंवा फोसेटिल एएल पानांवर फवारायला, दोन्ही 2.5 ग्रॅम प्रति लिटर, ही नेहमीची शिफारस आहे. तरी लेबल वाचा आणि तुमच्या पिकासाठी काय मंजूर आहे ते विचारा. फोसेटिल पानातून खाली मुळापर्यंत उतरतं, असं उतरणारी औषधं कमीच. मेटालॅक्झिल सारखं सारखं ओतत राहिलं तर फायटोफ्थोरा त्याला सरावतो, जगभर झालंय. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून द्या, पण रासायनिक औषधाच्या दिवशीच नको.

नवीन कलमं घेताना तीच तपासणी उलटी करायची, म्हणजे आधी मुळं आणि मग पान. दहा-वीस कलमांतून एक पिशवी फाडायला लावा, नर्सरीवाला कुरकुर करेल, करू द्या. तंतुमुळं ओढून बघा, सोलली तर पूर्ण लॉट सोडून द्या. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच बांधलेला पाहिजे, आणि लावताना तो मातीवर राहिला पाहिजे, खोल खड्ड्यात कलम खाली बसलं की चार वर्षांनी डिंक दिसतो. खुंट कोणता ते विचारा, फायटोफ्थोराच्या बाबतीत जंभेरीपेक्षा रंगपूर बरा.

उपचार केल्यावर पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच झाडांखालची माती परत घ्या, तितकीच माती, तितकंच पाणी, पानाचे तितकेच 20 ताजे तुकडे. पहिल्या वर्षी 20 पैकी किती तुकड्यांवर स्पोरँजियम दिसले होते तो आकडा वहीत झाड नंबरसमोर असेल तर शेजारी नवा आकडा लिहा. आकडा तेवढाच राहिला असेल तर आणखी औषध ओतायच्या आधी पाऊस पडत असताना त्या आळ्यापाशी जाऊन उभे राहा आणि पाणी कुठून येतंय ते बघा.